गेंडेरावांचा फळा

एका जंगलात मान खाली घालून पाळायचा एक नियम होता. साइटवर ‘मी दमले’ असं म्हणायचं नाही. का, तेही विचारायचं नाही. विचारण्याइतका दम उरला असेल तर तुम्ही दमलेलाच नाही, असं वडीलधारे सांगत.

तर बाळांनो, त्या जंगलात बारा मजली ढोलीचं बांधकाम चाललं होतं. तिथे एक खार इंजिनिअर होती. पहिल्या वर्गात डिग्री घेतलेली. तरी सगळे तिला खारूताईच म्हणत.

साइटवर एक यंत्र होतं. प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे छोटे ठोकळे ओतायचे, चांगले कडक होऊ द्यायचे आणि त्या यंत्रात फुटेपर्यंत दाबायचे. किती भाराला फुटला, तो आकडा लिहून ठेवायचा. पद्धत शहाणी आहे.

साइटचे प्रमुख गेंडेराव यांना मात्र ती इतकी आवडली, की त्यांनी ती इंजिनिअरांनाही लावली.

आधी एक स्लॅब. मग लागोपाठ दोन. मग रविवार. मग जेवताना फोन. जो कोसळेल, त्याचे सलग कामाचे तास ऑफिसातल्या फळ्यावर लिहायचे आणि त्याला शाल-नारळ द्यायचा.

वानर, एकवीस तास. मुंगूस, सव्वीस. आणि गेल्या महिन्यात साळींदरदादा, एकतीस.

खारूताईला काम साळींदरदादाने शिकवलं होतं. आता त्याच्या पाठीवर एकही काटा उरला नव्हता. तो घरीच असे. पोरांनी पाणी मागितलं तरी ताडकन उभा राहून म्हणे, “झालंच, साहेब.”

एका सोमवारी खारूताई सातव्या मजल्याचा स्लॅब भरून खाली आली. सलग बावीस तास झाले होते. उतरताना तिला एका पायरीच्या दोन दिसत होत्या.

ऑफिसात गेंडेराव चहा पीत होते. शेजारी सल्लागार घुबडअण्णा पेंगत होते.

“खारूताई, आता आठवा घे,” गेंडेराव म्हणाले.

“उद्या घेते, साहेब.”

“उद्या? आमच्या वेळी उद्या नव्हताच.”

“या पिढीला ताण म्हणून सोसत नाही,” घुबडअण्णा डोळे मिटूनच बोलले. “दीर्घ श्वास घे, पोरी. ताणमुक्तीचं शिबिर ठेवलंय आम्ही. रविवारी, दिवसभर. हजेरी सक्तीची.”

“अजून दहा तास काढ,” गेंडेरावांनी फळ्याकडे बोट केलं. “साळींदराच्या वर नाव लागेल तुझं.”

खारूताईने फळ्यावरची नावं एकेक करून वाचली.

“साहेब, फुटलेल्या ठोकळ्याचं आपण काय करतो?”

“राडारोड्यात टाकतो. त्याचं काय?”

“काही नाही. मी दमले.”

घुबडअण्णांचा एक डोळा उघडला.

“आठवा मजला मी आज घेणार नाही,” ती म्हणाली. “उद्या झोप झाली की घेईन. आणि शिबिराला येणार नाही. तेवढं एक सांगा, या फळ्यावर तुमच्या दोघांचे तास कुठे लिहिलेत?”

गेंडेरावांनी कप ओठाला लावला. तो रिकामा होता. तरी ते बराच वेळ पीत राहिले. घुबडअण्णांनी उघडलेला डोळा हळूच मिटून घेतला.



तात्पर्य : कष्टाला पर्याय नसतो, हे बाळांनो, वडीलधाऱ्यांकडून शिकावं. म्हणूनच दुसऱ्याचे कष्ट नेहमी हाताशी ठेवावेत.