आक्कांच्या कडेवरची तोफ

कोंडगडावरची तोफ कडेवर घेऊन चंद्राक्का पिसाळ दर सोमवारी बाजाराला यायच्या, आणि दर सोमवारी कोणीतरी पोलिसांना फोन करायचं.

तशी हकिगत साधीच होती. बुरूज ढासळला, तोफ एकटी पडली. आक्का शेण्या वेचायला तिकडून निघाल्या होत्या, तर तोफेनं त्यांचा पदर धरला. त्यांनी उचलली आणि घरी आणली. आता कडेवर घेतलेल्याचं वजन कोणी करत बसतं का? गावाला त्याचं काही वाटलं नाही. एसटीच्या कंडक्टरनं तेवढा एकदा तिकिटाचा विषय काढला होता. तोफ तीनशे वर्षांची, म्हणजे पूर्ण तिकीट, असं त्याचं म्हणणं. पण मांडीवर बसणाऱ्याला कसलं तिकीट म्हणून अख्खी गाडी अंगावर आली, तेव्हा बिचाऱ्यानं मुकाट्यानं घंटी मारली.

फोन करायची ती बाहेरून आलेली माणसं. त्यात बँकेचे नवे मॅनेजर हेमाडे सगळ्यांच्या पुढं. "हवालदार, एक बाई उघड-उघड तोफ घेऊन फिरतेय!"

हवालदार रंगराव चोपड्यांच्या जिवाला नुसता घोर होता. हत्यार घेऊन कोणी उघड फिरत असेल तर पोलिसांनी कधी धावायचं आणि कधी चहा संपवायचा, हे कोणीच त्यांना नीट सांगितलं नव्हतं. तोंड आभाळाकडे असेल तर बसायचं, माणसाकडे असेल तर पळायचं, असा त्यांचा आपला अंदाज. पण कडेवरचं लेकरू खांद्यावरून मागंच बघणार! आणि मागं नेमके हेमाडे.

नव्या इन्स्पेक्टर निकम मॅडम आल्या आणि त्यांनी हा घोळ निकालात काढायचं ठरवलं.

"चोपडे, उघड्यावर हत्यार म्हणजे गुन्हा."

"आक्कांना शाल पांघरायला सांगतो, मॅडम."

"मग ते लपवून नेलेलं हत्यार. तो जास्त मोठा गुन्हा." मॅडम बोलल्या त्यात खोट काढायला जागा नव्हती. "तोफ जमा करा. दुपारी वस्तुसंग्रहालयाची गाडी येईल."

रंगरावांना मनापासून वाईट वाटलं. पण हुकूम तो हुकूम. आक्का भाजीची पाटी डोक्यावर आणि तोफ कडेवर घेऊन स्वतःच ठाण्यात आल्या. मॅडमनी तोफ बाकावर ठेवायला लावली आणि आक्कांना पायरीवर बसवलं.

"आवं मॅडम, तिथं तिला काचंत ठिवतील," आक्का म्हणाल्या. "हात लावू नका म्हणून पाटी लावतील. तिला हात लावल्याबिगर झोप न्हाई येत वो. रातभर ती जागी, आन् हितं मी."

"आक्का, ती सरकारची आहे."

"आसंल की. पर सरकारनं कधी तरी उचलली का तिला?"

तेवढ्यात तोफेच्या तोंडातून बारीक धूर निघाला.

"अगं बाई, रडणार ती!" आक्का उठल्या.

"तुम्ही बसा. चोपडे, घ्या तिला."

रंगरावांनी घेतली, पण पहिल्यापासून बंदोबस्ताचा माणूस. काठी धरावी तशी आडवी धरली. धूर दाट झाला. समोरच्या हॉटेलवाल्यानं शहाण्यासारखं शटर ओढलं. कौलं थरथरायला लागली, लॉकअपमधला आरोपी टेबलाखाली शिरायची परवानगी मागू लागला.

"अहो, मानेखाली हात धरा! द्या इकडे," असं म्हणून मॅडमनी तोफ ओढून घेतली, खांद्याला लावली आणि हलक्या हातानं थोपटत येरझाऱ्या सुरू केल्या. धूर विरळ झाला. मग थांबला. तोफेनं मॅडमच्या खांद्यावरच्या चांदण्यांवर तोंड टेकलं.

गाडी आली. चौघे उतरले, साखळ्या खणखणल्या.

"श्शू!" मॅडम दात आवळून पुटपुटल्या. "आत्ता कुठं डोळा लागलाय. जा तुम्ही."

"मॅडम, पण आदेश..."

"झोपलेल्याला उठवून न्यायचा आदेश माझ्याकडे नाही. तसा आणा जा."

गाडी गेली. आक्कांनी डोळे पुसले आणि पाटी डोक्यावर घेतली. मॅडमनी तोफ त्यांच्याकडे द्यायला जरा पुढं केली, तर लगेच धुराची एक रेघ उठली. मॅडमनी पुन्हा खांद्याला लावली.

"र्‍हाऊ द्या," आक्का हसून म्हणाल्या. "दारापातूर चला तुमीच. च्या टाकते."

"चोपडे," मॅडम उंबऱ्यात थांबल्या, "पहिल्यांदाच आली होती ठाण्यात. रिकाम्या तोंडानं कशी पाठवायची?"

रंगरावांनी चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर तोफेच्या ओठाला लावली. दोघी बाजारातून निघाल्या.

रंगराव खुर्चीत टेकतात न टेकतात तोच फोन खणाणला. हेमाडेच.

"हवालदार, आता तर तुमच्या मॅडमच तोफ घेऊन भरबाजारातून चालल्यात! उघड-उघड! तोंड माझ्याकडे आहे! येताय की नाही?"

रंगरावांनी घाई केली नाही.

"रडतेय का?"

"कोण, मॅडम?"

"तोफ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेमाडे बघून आले असावेत.

"नाही. झोपलीय."

"मग आम्ही येऊन काय करू, साहेब? उठेल ती," रंगराव म्हणाले. "तुम्ही एवढं करा, कोणाला हॉर्न वाजवू देऊ नका."

"बरं," हेमाडे एकदम हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी अलगद फोन ठेवला.