खालची झडप

कोणतीही शेगडी आपण होऊन थंड राहत नाही. ती थंड ठेवायला घरात एक अधिकारी माणूस असावा लागतो. या घरात तो होता. लग्नाला आलेल्या मुलीचे हे वडील मोठ्या खात्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांनी स्वतःला अजून अधिकृतपणे कळवलेली नव्हती.

त्यांनी अंगणासाठी चिनी मातीची कोळशाची शेगडी आणली होती. रांजणासारखी गोल, वर जड झाकण, झाकणाला धूर जायला भोक, तापमानाचा काटा, आणि तळाशी हवा आत घ्यायला एक सरकती झडप. पहिल्याच दिवशी त्या झडपेतून चिमूटभर राख नव्या फरशीवर सांडली. वडिलांनी तेव्हाच सगळ्यांना बोलावून निर्णय दिला, की ही झडप केवळ राख काढण्यासाठी असून विस्तव पेटलेला असताना ती बंदच राहील. (खात्यातही त्यांनी खालून काही वर येऊ दिलं नव्हतं. खातं मात्र फार स्वच्छ होतं.)

आज त्या शेगडीवर अख्खी कोंबडी भाजायची होती, कारण मुलीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदाच दुपारच्या जेवणाला येणार होता. हा मुलगा बेकऱ्यांच्या भट्ट्या दुरुस्त करायचा.

मुलीने त्याला फाटकातच गाठलं. "हे बघ, बाबांची चूक काढलीस तर लग्न विसर. आधीच्या स्थळाने एवढंच सांगितलं होतं, की तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे."

"मग?"

"मग काय! त्याला दारातूनच निरोप दिला."

तो हसत अंगणात आला, शेगडीच्या तळाकडे त्याची नजर गेली आणि तो जागीच थांबला. झडप घट्ट बंद होती. बोटाने सरकवली की काम झालं असतं. पण मुलगी त्याला जिवापाड आवडत होती, म्हणून त्याने दोन्ही हात खिशात घातले.

काटा दोनशेच्या पुढे जायला हवा होता, तो नव्वदवर ठाण मांडून बसला होता. रीतसर चौकशी सुरू झाली. "दाजी, कोळसा दमट असणार," असं मुलीच्या मामांनी मत दिलं आणि कोळसा बदलण्यात आला. मग काट्यावरच संशय आला. तो काढून उकळत्या पाण्यात धरला, तर त्याने बरोबर शंभर दाखवले. म्हणून पाण्याची चौकशी झाली. त्यानंतर वारा दोषी ठरला आणि त्याला अडवायला मामांना पूर्वेकडे, छत्री उघडून, उभं करण्यात आलं. आईने आत गुपचूप अंडी उकडायला टाकली. कशासाठी, असं विचारल्यावर ती "सहजच" म्हणाली.

या टप्प्यावरची आकडेवारी नोंदवण्यासारखी आहे. उपस्थितांपैकी शंभर टक्के लोकांना बिघाडाचं कारण ठाऊक होतं. कारण शोधण्याच्या कामातही शंभर टक्के लोकांनी उत्साहाने भाग घेतला. (इतकी एकजूट हल्ली कुठे बघायला मिळते?)

दुपार कलली. निखारे माना टाकू लागले. वडील कपाळाचा घाम पुसत पाहुण्याकडे वळले.

"तुम्ही भट्ट्यांमधले. तुम्हाला काय वाटतं? अगदी मोकळेपणाने बोला."

मोकळेपणाने म्हटल्यावर आई आतून दाराशी आली. मामांनी छत्री खाली घेतली. मुलीने डोळे मिटले. मुलाला एकीकडे आपला धंदा दिसत होता, दुसरीकडे आपला संसार.

"काका, शेगडी एकदम उत्तम आहे," तो म्हणाला. "कोंबडीच जरा थंड वाटते."

"हेच मी मघापासून सांगतोय!" वडील उद्गारले.

कोंबडी अर्धा तास उन्हात ठेवण्यात आली, मग पुन्हा शेगडीवर, आणि शेवटी ताटांत. वरून धुरकट आणि आतून गुलाबी असा तो पदार्थ सगळ्यांनी वाखाणून खाल्ला. अंडी कुणाच्याही नकळत संपली. पान उचलायच्या आत वडिलांनी लग्नाला होकार दिला. मुलाला समज आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हात धुताना नळाशी दोघंच होते. वडील हळूच म्हणाले, "झडप बंद होती, नाही हो?"

मुलगा दचकला. "हो, काका."

"मला कोळसा बदलतानाच कळलं होतं. पण निर्णय मीच दिलेला. आपल्या हाताने कसा फिरवणार? वाटलं, घरातलं कुणीतरी म्हणेल." ते क्षणभर अगदी एकटे दिसले. मुलाला त्यांची मनापासून दया आली. आत्ताच धावत जाऊन ती झडप उघडावी असं त्याला वाटलं. पण होकार नुकताच मिळाला होता, म्हणून त्याने त्यांना टॉवेल दिला.

लग्न ठरलं आहे. जेवणावळ याच शेगडीवर व्हायची आहे. वाचकहो, शेगडी का तापत नाही हे तुम्हालाही सुरुवातीलाच कळलं होतं, पण तुम्ही अवाक्षर न काढता इथपर्यंत आलात. अशी घरची माणसं सोडून कसं चालेल? यजमानांनी तुमचं पान पहिल्याच पंगतीत धरलं आहे.