तिसरी रेघ

आलेखातली तिसरी रेघ वर चढलेली पाहून बाईंनी आकडे पुन्हा पडताळले. दोन वर्षांचं संशोधन, आणि उद्या मार्गदर्शक सर तपासायला येणार!

बाई विशेष शाळेत शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करत होत्या. विद्यार्थिनी एकच, बावीस वर्षांची. सगळी शाळा तिला 'सरकार' म्हणे. टॉवेलची घडी हात धरून शिकवायची. शर्टाची बटणं शिकवताना थांबायचं, अडली तरच मदत. आणि एप्रनची गाठ कोणीच शिकवायची नाही. गाठीची ती तिसरी रेघ जमिनीला चिकटून राहिली, तरच बाकीचं श्रेय पद्धतींना मिळणार होतं. सरकारने आज नेमकी तीच गाठ मारली. तीही चांगली सुरगाठ!

"कोणी शिकवलं हिला?" बाईंनी तिच्या बाबांना फैलावर घेतलं.

"शप्पथ, मी नाही! तुम्ही सांगितल्यापासून घरात गाठ बंद आहे. मी नाडीचे बूट सोडून चपला घालतो. हिची आई पिशव्यांना रबर लावते. लेंग्यातसुद्धा इलॅस्टिक घातलंय बाई, अजून काय करू?"

मग शिपाईमामांची उलटतपासणी झाली. ते दिवसभर रुसले. शेवटी बाईंनी सरकारलाच विचारलं, "तुला कोणी दाखवलं गं?"

सरकारने बाईंकडेच बोट केलं. रोज धड्याआधी बाई तिच्याकडे पाठ करून कपाटातून सामान काढत आणि उभ्या उभ्या स्वतःच्या एप्रनची गाठ मारत. आठ आठवडे, न चुकता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त सरकारचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सरांनी आलेख बराच वेळ न्याहाळला. "प्रयोग फसला. पुन्हा करावा लागेल. या वेळी न शिकवता तिला जमणारच नाही, असं काम निवडा."

"घरचे जास्त ओळखतात. तुम्हीच सुचवा," म्हणत बाईंनी सरकारला न्यायला आलेल्या बाबांपुढे कागद ठेवला.

हिला काय काय जमणार नाही, याची यादी आजवर डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, सख्ख्या आत्याने न मागता दिली होती. बाबांनी 'छत्री मिटणं' लिहिलं आणि खोडलं. 'कुलूप लावणं' लिहिलं, तेही खोडलं. अर्ध्या तासाने त्यांनी तो खाडाखोडीचा कागद परत केला.

"माफ करा बाई, तुमचं नुकसान होतंय, कळतंय मला," ते म्हणाले. पण चेहरा काही केल्या पडत नव्हता. "हिला जमणार नाही असं काही सापडेचना हो!"