यजमान बदलणार

स्टेडियमचे व्यवस्थापक फोन घरीच विसरून कामावर गेले होते, म्हणून तो त्यांच्या बायकोने उचलला. पलीकडे फुटबॉल स्पर्धेच्या कार्यालयातला कारकून होता. त्याला घाई होती.

"वहिनी, साहेबांना सांगा, उद्या सकाळी समिती येतेय. यजमान बदलायचं घाटतंय."

"काय बदलायचं?"

"यजमान. आपले जुने झालेत, असं वरच्यांचं मत. शेजारचे नवे आहेत, वर छप्परही आहे."

बाई फोन ठेवून मटकन खुर्चीत बसल्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याचा उल्लेख 'आमचे यजमान' असाच करत आल्या होत्या. सामने भरवणाऱ्या शहरालाही यजमान म्हणतात, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. नवऱ्याची नोकरी चालली आहे, आणि तीही टकलापायी, एवढंच त्यांना कळलं.

नवऱ्याला रक्तदाबाचा त्रास. समिती येतेय एवढंच त्याला सांगता येणार होतं, खरं कारण सांगायची सोय नव्हती. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"दादाला काढतायत?" नणंद म्हणाली. "वरचं आता काही करता यायचं नाही, वहिनी. मिशी तरी काळी करून घे."

सकाळी व्यवस्थापकांना सलूनमध्ये पाठवण्यात आलं.

"अगं, समिती ग्राउंड बघायला येतेय, मिशी नाही."

"ग्राउंडच्या आधी माणूस दिसतो. निघा."

ते निघाले. सामने शेजारच्या शहरात जातील या धास्तीने त्यांना झोप नव्हती. वाद घालायचं त्राण कुठलं असणार? ओठावर काळा लेप चढतो न चढतो, तोच समिती वेळेआधी स्टेडियमवर हजर झाली. फाटकावर कोणीच नाही म्हटल्यावर, मागच्या क्वार्टरमधून बाईच लगबगीने पुढे झाल्या.

"व्यवस्थापन तुमच्याकडे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"घरचं-बाहेरचं सगळं मीच बघते."

"मग तुमच्या यजमानांबद्दल तुम्हीच सांगा. खरं काय ते. पाणी साचतं?"

बाई दचकल्या. डॉक्टरकडची बातमी इथवर पोचली होती तर. "डावीकडे साचतं. पण वेळच्या वेळी काढून घेतो आम्ही."

"दोन्ही बाजूंनी नीट दिसतं?"

"समोरचं स्वच्छ दिसतं. उजवीकडचं जरा अंधूक."

"रात्री आवाजाचा त्रास?"

"आवाज आहे, नाही कशाला म्हणू? पण शेजारी कधी तक्रार घेऊन आले नाहीत."

"आणि छप्पर?"

"ते नाहीच हो. पण छप्पर बघून का कोणी ठेवतं? ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, कधी एक दिवस कुरकूर नाही. नवं आणाल, चकचकीत असेल. त्याला इथली सवय व्हायला किती वर्षं जातील?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

"शेजारच्या शहरात सगळं उत्तम आहे म्हणाले. त्या उत्तम छपरातून माझ्या डोक्यावर पाणी गळलं. स्वतःहून दोष सांगणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. यजमान बदलणार नाहीत. तेवढं डावीकडचं पाणी बघा. सोमवारी इंजिनियर पाठवते."

अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी घेऊन धावत आलेल्या व्यवस्थापकांच्या कानावर शेवटची दोन वाक्यं पडली. समितीची गाडी वळेपर्यंत ते हसतमुख राहिले.

"डावीकडे पाणी? माझ्या ग्राउंडवर थेंब साचत नाही. काय सांगितलंस तू त्यांना?"

"ग्राउंडचं नाव कोणी काढलं? मी तुमच्या गुडघ्याचं सांगत होते."

"माझ्या गुडघ्याचा काय संबंध?"

मग कारकुनाचा फोन, छप्पर, नणंद असं सगळं एकेक करून बाहेर आलं. व्यवस्थापक पायरीवर बसले.

"म्हणजे सामने वाचले ते माझ्या दुखण्यांवर," ते म्हणाले. "पण सोमवारी इंजिनियर येणार. त्याला दाखवू काय? ग्राउंडचं काही बिघडलेलंच नाही."

"मग तो तसंच कळवेल ना, काही बिघडलेलं नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "ते म्हणतील, किती झटपट दुरुस्त केलं."