चौसष्ट अक्षरांचा नंबर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या रामटेके काकांचा संगणकावर काडीचा विश्वास नाही, आणि दिवसभर ते संगणकावरच काम करतात. हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही.

काका रेल्वेत होते. यार्डात मालगाडीच्या बाजूनं चालत एकेका डब्याचा नंबर वहीत उतरवायचा, ही नोकरी. त्यांचं ब्रीद एकच. "नंबर चुकला का डबा भलत्याच गावाले जाते." निवृत्त झाल्यावर आमच्या शंकर नगरातली माणसं बागेतल्या हास्यक्लबात हसायला जातात. काका मात्र लॅपटॉप शिकले आणि कुठल्याशा सॉफ्टवेअरच्या गोदामात बिनपगारी भरती झाले.

हे गोदाम दिसत नाही. जगभरातली माणसं संगणकावरून मागणी करतात आणि तिथून त्यांना हवं ते सॉफ्टवेअर जातं म्हणे. त्यात संगणकाच्या एका भाषेचा कप्पा काकांकडे. भाषेची नवी आवृत्ती निघाली की काका ती तिथं लावणार.

"मग जुनी भाषा बोलणाऱ्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"काहून? त्याईची जुनी राहते ना. दोन्ही लाइनी चालू ठेवा लागते भाऊ."

मी "हव" म्हणालो. कळलं नाही की मी हव म्हणतो.

प्रत्येक आवृत्तीला चौसष्ट अक्षरांचा एक नंबर असतो. तिकडून निघाला तोच माल इथं आला आहे, याची ती खूण. काका तो कागदावर छापून मला हाक मारत. मी भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवसभर मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडून नुकता घरी आलेला. तसाच खाली जायचो आणि स्क्रीनवरून मोठ्यानं वाचायचो, "सात, एफ, शून्य, बी..." काका कागदावर टिक करत. एकदा चाळिसाव्या अक्षरावर माझी ओळ चुकली.

"थांबा! पैलेपासून."

"काका, चाळीसपासून घेऊ ना."

"गाडी इंजिनापासून मोजतेत भाऊ, मधातून नाही."

हा प्रकार मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोट्टीला सांगितला. मराठी तिला समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. "भैया, वो तो कंप्यूटर खुद मिला लेता है. एक सेकंड में." माझं डोकंच फिरलं. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगणार?

गेल्या महिन्यात गोदामवाल्यांचं पत्र आलं. यापुढे नव्या आवृत्त्या यंत्रच आपोआप लावेल, तुमच्या सेवेबद्दल आभार.

"सुटलात काका," मी म्हणालो. सुटलो होतो खरं तर मी. काकांनी लॅपटॉप मिटला आणि चहाचंही विचारलं नाही.

परवा ऑफिसात पोट्टीनंच सांगितलं, तुमच्या काकांच्या भाषेची नवी आवृत्ती आली. संध्याकाळी घरी आलो. हाक आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. अर्धा तास जिन्याकडे कान देऊन बसलो आणि शेवटी आपणच खाली गेलो.

काकांच्या मांडीवर छापलेला कागद होता.

"सकाळीच लावली मशीननं," ते म्हणाले. "बरोबर लावली."

"मग छापलं काहून?"

"आधी तुमची काकू वाचे. इंग्रजी अक्षरं तिले हळूहळू येत. तास लागे."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मला पहिली हाक आली ती त्यानंतर.

"मशीन स्वतःच नंबर जुळवून पायते, हे मले तवाबी माहीत होतं," काका म्हणाले.

"आणि काकूंना?"

"तिलेबी. तिनंच तं विचारलं एक दिवस, हे मशीन करते ना म्हणून. मी उठाले लागलो. मंग म्हणे, बसा, वाचते."

दोन वर्षं या माणसावर मनातल्या मनात चरफडत होतो, त्याची मला लाज वाटली. मी लॅपटॉप ओढून घेतला आणि वाचायला लागलो, होता होईल तितकं हळू. काकांनी पेन हातात घेतलं नाही. डोळे मिटून नुसते ऐकत राहिले.