आरामदायी निद्रावस्त्र निवड समिती

गोंडपिपरीजवळच्या एका निवासी केंद्रात चाळीस बायका अंगणवाडीचे प्रशिक्षण घेत होत्या. महिना मेचा. केंद्रात चोवीस तास 'शोभेसा पोशाख' सक्तीचा असल्याने दिवसाच्या साडीतच रात्र काढावी लागे. दुसरा नियम असा, की वर्गात तीनदा डुलकी घेणाऱ्या बाईला प्रमाणपत्र मिळणार नाही. एटापल्लीकडच्या नीलाबाईची दोनदा नोंद झाली होती. पाठभर घामोळ्या घेऊन झोप कुठून येणार? प्रमाणपत्र नाही तर गावातली अंगणवाडीची नोकरीही नाही.

तिने अधीक्षिका स्वाती मॅडमकडे अर्ज दिला. "मॅडम, रातच्याले सैल सुती गाऊन घालू द्या. आमचा आमीच आणतो. बाकी काई नाई पायजे."

मागणी इतकी साधी होती, की ती थेट मान्य करणे प्रशासनाला शोभले नसते. पाच जणांची आरामदायी निद्रावस्त्र निवड समिती नेमली गेली. विषय बायकांचा असल्याने निःपक्षपातीपणासाठी पाचही सदस्य पुरुष घेतले. बैठका कूलरच्या खोलीत झाल्या.

पहिला नमुना पातळ सुती कापडाचा, बिनबाह्यांचा होता. सदस्य रामाजी हे निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "उद्या अचानक तपासणी आली तं? साहेबासमोर बाई अशी उभी राहीन का?"

"रातच्या दोन वाजता तपासणी कोण करते, सर?" नमुने घेऊन आलेल्या स्वाती मॅडमने विचारले.

"आजवर कोणी केली नाई. म्हणूनच धोका जास्त आहे."

पूर्ण बाह्या मंजूर झाल्या. बाह्या आल्यावर गळा उघडा वाटू लागला, म्हणून कॉलर आली. सुती कापड पातळ, म्हणून आत अस्तर आले. अस्तरामुळे सुरकुत्या पडतात आणि फोटोत वाईट दिसतात, म्हणून सुती जाऊन टेरिकॉट आले. शेवटी दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली ओढणी एकमताने मंजूर झाली. अध्यक्ष बोरकुटे साहेबांनी कापड दोन बोटांत चोळून पाहिले आणि ते आरामदायी असल्याचे जाहीर केले. या साहेबांना घामोळ्या कधी झाल्या नसाव्यात. व्हायला हव्या होत्या.

नियमाप्रमाणे लाभार्थीचे मत घ्यायला नीलाबाईला बोलावले. तिने वस्त्र हातात तोलले. "साहेब, हे तुमी एक रात घालून पाहा ना."

इतिवृत्तात लिहिले गेले, 'लाभार्थीने समाधान व्यक्त केले.'

वाटपाचा कार्यक्रम भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पाहुण्यांना वस्त्र वापरात दिसावे म्हणून चाळीसही बायकांना आदल्या रात्रीपासूनच निद्रावस्त्रात ठेवले होते. त्या रात्री कोणाचाच डोळा लागला नाही. विश्रांतीचे महत्त्व या विषयावर तिसरे भाषण सुरू असताना नीलाबाईची मान पुढे पडली. कार्यक्रम प्रशिक्षणाच्या तासांत धरलेला होता, त्यामुळे ही तिसरी नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी ती प्रमाणपत्राविना एटापल्लीच्या बसमध्ये चढली. जाताना स्वाती मॅडमला एवढेच म्हणाली, "गाऊन माया होता, झोप माई होती. मंग पयलेच इचारलं काऊन नाई मले?" नीलाबाईचा झोपलेला फोटो मात्र अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. खाली ओळ होती: 'वस्त्र इतके आरामदायी, की लाभार्थी कार्यक्रमातच निद्राधीन.' इतर केंद्रांसाठीही त्याची शिफारस झाली.

वाचकहो, तुमचे बोरकुटे साहेबांना हसून झाले असेल, तर उद्या सकाळी आपल्या घरी लक्ष ठेवा. बेल वाजेल. गाऊनमधली बाई दाराकडे जाण्याआधी ओढणी शोधत तीन खोल्या फिरेल. तुम्ही बनियन आणि बर्मुड्यावर सोफ्यात बसून, पेपरातून डोके वर न काढता म्हणाल, "अगं, अंगावर काही घेऊन जा." नेमणुकीच्या पत्राची वाट पाहू नका. समितीवर तुम्ही केव्हाच रुजू झाला आहात.