अध्यक्षांची काळी टोपी

इतिहासात मला हरवणारा माणूस अजून डिलाईल रोडवर राहायला आलेला नाही. हे मी म्हणत नाही, माझी बायको अनुजा म्हणते. तिचं वाक्य पुढे "म्हणून तर चाळीत कोणी तुमच्याशी बोलायला थांबत नाही" असं संपतं, पण पहिला अर्धा भाग खराच आहे ना!

तर आमच्या चाळीच्या कमिटीला साठ वर्षं झाली आणि स्मरणिकेतला मुख्य लेख माझ्याकडे आला. विषय होता अध्यक्षांची काळी टोपी. आमच्याकडे निवडून आलेला अध्यक्ष खुर्चीत बसण्याआधी एक जुनी टोपी डोक्यावर चढवतो. ती आता इतकी विटली आहे की काळी असल्याचं सांगावं लागतं. पण पहिले अध्यक्ष शिवाआप्पा ती घालून बसल्याचा फोटो कमिटीच्या खोलीत आहे, त्यामुळे टोपीशिवाय अध्यक्ष नाही.

ती का घालायची हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण अभ्यासू माणूस अशा किरकोळ गोष्टीवर अडत नाही. मी लेखाची सुरुवात थेट इंग्लंडमधून केली. तिथल्या संसदेत नवा सभापती खुर्चीकडे जाताना नको नको करत अंग मागे ओढतो आणि बाकीचे त्याला धरून नेतात. कारण जुन्या काळी राजाला नावडती गोष्ट सांगायचं काम सभापतीचं, आणि त्यात काहींची डोकी गेली होती! एवढं सांगून मी डिलाईल रोडला परतलो आणि लिहून टाकलं, 'ही टोपी हा गिरणगावच्या कर्त्या पुरुषाचा मान आहे आणि ती त्याच्याच डोक्यावर शोभते.' वाक्य मला इतकं आवडलं की ते ठळक अक्षरांत छापून घेतलं.

स्मरणिका घरोघर वाटून झाली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला आमच्या मेघनाने. माझ्या पोटच्या पोरीने!

मेघना वकील आहे. चाळीच्या पुनर्विकासाचा करार यंदा व्हायचा होता, आणि त्यावर सही अध्यक्षाची. अकरा वर्षं अध्यक्ष असलेला धनेश माणूस चांगला, पण सही आधी करतो आणि वाचतो नंतर. गेल्या वर्षी टाकी साफ करायच्या अर्जाऐवजी टाकी बंद करायच्या अर्जावर त्याने सही ठोकली आणि अख्खी चाळ दोन दिवस पारोशी राहिली. घराच्या कागदावर तसं झालं असतं तर आम्ही राहायचं कुठे?

धनेश स्मरणिका घेऊन गॅलरी-गॅलरीतून फिरायला लागला. "वहिनी, मी काय बोलत नाय. विनीतकाका बोलतायत. स्वतःचे वडील! हे बघा, ठळक."

मेघना रात्रीचं जेवण अर्धवट टाकून माझ्यासमोर बसली. "बाबा, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

"अगं, म्हणजे काय!"

"मग प्लीज, आता काही लिहू नका."

मी अर्थातच लिहिलं. बापाचं काळीज गप्प बसत नाही हो. सकाळी फळ्यावर माझं नवीन संशोधन लागलं: मुलगी निवडून आल्यास तिच्या वतीने घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने टोपी घालण्यास हरकत नाही. दुपारपर्यंत चाळभर झालं की विनीतला स्वतःलाच अध्यक्ष व्हायचंय आणि पोरीला त्याने नुसती पुढे केलीय. दूधवाल्याने माझं अभिनंदन केलं. मेघना दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते मला खरंच लागलं.

रविवारी चौकात सभा भरली. धनेश म्हणाला, "परंपरा म्हणजे परंपरा." माना डोलायला लागल्या. मी शेवटचा उपाय काढला. तळमजल्यावरच्या जाईबाईंना खुर्चीसकट बाहेर आणवलं. वय ब्याऐंशी, पहिल्या निवडणुकीला हजर असलेलं चाळीतलं हे एकच माणूस. त्या माझं संशोधन उचलून धरणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"आजी, शिवाआप्पांना ही टोपी पहिल्यांदा कोणी घातली? वडीलधाऱ्या पुरुषानेच ना?"

"मीच घातलंय," जाईबाई आपल्या मालवणीत म्हणाल्या.

मागची माणसं उठून पुढे सरकली.

"शिवाआप्पा जिन्याखाली केस कापूक बसललो. अर्धा डोक्या झाला आणि पोरांनी तेका उचलून आणल्यानी, दुसरी पार्टी खुर्चेत बसात म्हणान. फोटोवालो उभो! डोक्या झाकूक कायतरी व्हया होता. आमचा बायकांचा नाटक होता त्या दिवशी. मी मामलेदार. माझ्या डोक्यावरची टोपी काढलंय आणि तेच्या डोक्यार ठेवलंय."

"म्हणजे ही टोपी..." धनेशने टोपीकडे बोट दाखवलं.

"माझी! साठ वर्सां झाली, अजून कोणी परत दिल्यान नाय."

सगळी चाळ हसायला लागली. सगळ्यांत आधी मेघना हसली, माझ्याकडे बघून, आणि माझा जीव भांड्यात पडला. हात वर करून मतदान झालं. त्या गोंधळात धनेशने हात वर केला तो मेघनाच्या नावाला. जाईबाईंनी स्वतःच्या हाताने तिला टोपी घातली आणि बजावलं, "काम झाला की घराक आणून दी."

करार आता मेघना ओळ न् ओळ वाचून दाखवते, दर शनिवारी, चौकात. जाईबाई पुढे बसून प्रश्न विचारतात. नव्या घराच्या खिडकीत टाकळ्याची भाजी लावायला जागा असेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो करारात लिहून घेतला गेला.

अध्यक्ष झाल्यावर मेघनाचा पहिला ठराव माझ्याबद्दल होता. प्रत्येक स्मरणिकेतल्या ठळक वाक्यावर दुरुस्तीची चिठ्ठी मी स्वतः चिकटवायची. सध्या मी घरोघर डिंकाची बाटली घेऊन फिरतोय. लोक आता माझ्याशी थांबून बोलतात, विषय काही का असेना.

एक सांगायचं राहिलं. टोपी मेघनाला मोठी होते. त्या दिवशी ती सारखी डोळ्यांवर यायची, म्हणून तिने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून मागून लावला. परवा सेक्रेटरी वैशालीकडे चिठ्ठी चिकटवायला गेलो तर सभेचं इतिवृत्त उघडंच होतं. त्यात लिहिलं होतं, 'नूतन अध्यक्षांनी प्रथेप्रमाणे टोपीला चिमटा लावला.'

मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डिंकाच्या बाटलीला घट्ट बूच लावून गुपचूप पुढच्या घरी गेलो.